पेट्रोल भरले की गाडी रुसते? आधी लक्षण ओळखा, मग खर्च करा



या पानावर आपण नेहमी पिकाच्या रोगाविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतो आहे. चारचाकी गाडी ही आता खेड्यात चैनीची वस्तू राहिलेली नाही. वाडीवस्तीवर जुनी का होईना, एखादी पेट्रोलची गाडी दारात उभी असते. बाजार, दवाखाना, बँक, लेकीबाळींची ने-आण, सगळे तिच्यावर चालते. अशी गाडी एरवी घड्याळासारखी चालावी आणि पेट्रोल भरले की नेमकी पंपावरच अडून बसावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. मागे वाहनांची रांग लागते, हॉर्न वाजू लागतात, पंपावरचा पोरगा "काका, गाडी बाजूला घ्या" म्हणतो. चार माणसे धक्का मारून गाडी कडेला लावतात. पाच-दहा मिनिटांनी तीच गाडी आपली आपण सुरू होते आणि पुढची टाकी भरेपर्यंत काही तक्रार करत नाही.

मग दोष कशात? बॅटरीत, पेट्रोलमध्ये, की गाडीच्या नशिबात?

एका शेतकऱ्याची हकीकत

मी काही मिस्त्री नव्हे. कृषी पदविकेला अवजारे आणि यंत्रे हा विषय होता, तेवढीच ओळख. पण रोगनिदान हा आमचा रोजचा धंदा आहे, म्हणून ही हकीकत सांगतो.

सांगोल्याकडच्या एका वाडीवर माझ्या ओळखीचे एक डाळिंब बागायतदार आहेत. त्यांच्या वृद्ध आईला आठवड्यातून दोन वेळा पंढरपूरला डायलिसिससाठी न्यावे लागते. त्यासाठीच त्यांनी एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. पंपावर टाकी फुल केली की ही गाडी हमखास अडायची. म्हातारी मागच्या सीटवर, उन्हाचा तडाखा, दवाखान्याची वेळ ठरलेली, आणि गाडी काही हलायला तयार नाही!

वर्षभरात त्यांनी नवी बॅटरी टाकली, प्लग बदलले, सेल्फ खोलून दुरुस्त करून घेतला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. दहा हजारांच्या वर खर्च झाला. गुण शून्य. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार.

बाग बघायला गेलो तेव्हा बोलता बोलता विषय निघाला. ते म्हणाले, "साहेब, आता मी एक युक्ती काढलीय. पेट्रोल भरताना गाडी बंदच करत नाही. चालूच ठेवतो."

हे ऐकून मला धक्का बसला. मी म्हटलं, "अहो दादा, आई गाडीत असतात ना तेव्हा?"

"मग काय करू? बंद केली की सुरू होत नाही. डायलिसिसची वेळ चुकवून कसं भागंल?"

वाचकहो, हा लेख लिहिण्याचे खरे कारण हे आहे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. टाकीच्या तोंडातून बाहेर पडली की जमिनीलगत पसरते. चालू इंजिनाची एखादी ठिणगी किंवा तापलेला सायलेन्सर यांची आणि त्या वाफेची गाठ पडली, तर काय होईल हे सांगायला नको. पंपावर "इंजिन बंद करा" असे लिहिलेले असते ते काही शोभेसाठी नव्हे. एक लहानसा दोष न ओळखल्यामुळे एक शहाणासुरता माणूस आईला गाडीत बसवून आगीशी खेळत होता.

बिघाड कधी होतो, हे आधी विचारा

पान पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी पाहतो की पिवळेपणा कुठल्या पानावर आला. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता, शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. रंग एकच, पण जागा वेगळी, म्हणून औषध वेगळे. गाडीचेही तसेच आहे. गाडी सुरू होत नाही हे झाले लक्षण. ती कधी सुरू होत नाही, ही त्या लक्षणाची जागा.

बॅटरी खराब असती तर पहाटे पहिल्या सेल्फलाही गाडी अडली असती. सेल्फ बिघडला असता तर तो पेट्रोल भरायची वाट बघत बसला नसता. फक्त पेट्रोल भरल्यावरच गाडी अडत असेल, तर पेट्रोल भरताना गाडीत जे बदलते तिथेच दोष शोधला पाहिजे. आता बदलते काय, ते पाहू.

टाकीच्या आत काय होते?

रिकामी टाकी खरे म्हणजे रिकामी नसते. पेट्रोल जिथे नसते तिथे हवा आणि पेट्रोलची वाफ भरलेली असते. आपण ३० लिटर पेट्रोल आत ओतले, की साधारण तेवढीच वाफमिश्रित हवा बाहेर ढकलली जाते. रांजणात पाणी ओतताना आतली हवा जशी बाहेर निघते तसेच. यातली काही वाफ टाकीच्या तोंडातून निघून जाते. म्हणून तर पंपावर वास येतो. उरलेली वाफ एका नळीने एका डब्यात जाते. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात खास प्रकारच्या कोळशाचे दाणे भरलेले असतात. ते वाफ शोषून धरतात, म्हणजे ती मोकळ्या हवेत जाऊन प्रदूषण होत नाही.

पण कोळसा तरी किती वाफ धरणार? म्हणून गाडी चालू असताना, इंजिन गरम झाल्यावर, ही साठलेली वाफ थोडी थोडी ओढून इंजिनात जाळली जाते. डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. ठिबक संचावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो ना, त्याचाच हा धाकटा भाऊ समजा. वीज मिळाली तर उघडतो, नाही मिळाली तर बंद. गाडी बंद असताना तो घट्ट बंद राहिला पाहिजे.

आता समजा, या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला किंवा तो झिजून उघडाच राहिला. मग काय होईल? पंपावर पेट्रोल भरताना टाकीतून ढकललेली वाफ डब्यात न थांबता या उघड्या वाटेने थेट इंजिनाच्या हवा घेणाऱ्या नळीत जाऊन बसते. आपण किल्ली मारतो तेव्हा इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल फार जास्त मिळते. मिस्त्री लोक याला "गाडी ओव्हर झाली" म्हणतात. ठिणगी पडते, पण मिश्रण पेट घेत नाही. चुलीत एकदम ओंजळभर रॉकेल ओतले आणि हवेला जागाच ठेवली नाही, तर जाळ धरत नाही, तसलाच प्रकार. पाच-दहा मिनिटांत ती वाफ विरते आणि गाडी सुरू होते. म्हणून दोष पंपावर दिसतो, पण गॅरेजपर्यंत जाईतो नाहीसा होतो. मिस्त्रीला तो सापडत नाही आणि अंदाजाने एकेक सामान बदलले जाते.

घरच्या घरी करायच्या चार कसोट्या

कुठलाही भाग बदलण्यापूर्वी खालील चार गोष्टी करून पाहाव्यात. यांना खर्च नाही, फक्त एक वही आणि पेन लागते.

पहिली कसोटी सेल्फच्या आवाजाची. सेल्फ संथ, रडत फिरतो का? नुसता "कट्‌कट्‌" आवाज येतो का? तसे असेल तर बॅटरी, तिची टर्मिनले किंवा सेल्फ तपासावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर तीसुद्धा साफ करून घ्यावी. पण सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरत असेल आणि इंजिन पकडत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नये.

दुसरी कसोटी नुसते थांबण्याची. ही सर्वांत महत्त्वाची. आपण प्रात्यक्षिक घेताना एक वाफा औषध न मारता तुलनेसाठी ठेवतो. इथेही तसेच करायचे. जेवढे अंतर चालवून आपण पंपावर जातो तेवढी गाडी चालवा, सावलीत कुठेतरी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा आणि पेट्रोल न भरता पुन्हा सुरू करा. पहिल्या सेल्फला सुरू झाली तर दोष पेट्रोल भरण्याशी निगडित आहे. याही वेळी अडली, तर दोष गरम इंजिन बंद करून थांबण्याचा आहे, पेट्रोल भरण्याचा नव्हे.

तिसरी कसोटी कमी-जास्त पेट्रोलची. एकदा पाच लिटर भरून पाहा, एकदा टाकी भरत आणून पाहा. थोड्या पेट्रोलला गाडी लगेच सुरू होते आणि जास्त भरले की अडते, असे असेल तर वाफेचा संशय बळावतो. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वाफ बाहेर ढकलली जाणार, हा साधा हिशेब.

चौथी कसोटी वास आणि धुराची. गाडी अडली असताना पेट्रोलचा उग्र वास येतो का? सुरू झाल्याबरोबर इंजिन थरथरते, मिसिंग करते, मागून काळा धूर येतो आणि मिनिटभरात सगळे नीट होते का? तसे असेल तर पेट्रोल जादा होत आहे, कमी पडत नाही, असे समजावे.

प्रत्येक वेळी वहीत तारीख, किती लिटर भरले, किती वेळ थांबलो, कितव्या सेल्फला सुरू झाली, वास आला की नाही, एवढे लिहावे. पाण्याच्या पाळ्या आपण लिहून ठेवतोच की. तीन-चार वेळची नोंद असली तर मिस्त्रीचे निम्मे काम तिथेच होते.

पंपावरच अडली तर

गाडी पंपावरच अडली तर प्रथम ती धक्का मारून बाजूला, मोकळ्या हवेत न्या. टाकीचे झाकण घट्ट लावले आहे ना, पाहा. गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढा. एक्सलेटर तळापर्यंत पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा. इंजेक्टरवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की गाडीचा संगणक पेट्रोल सोडणे थांबवतो आणि इंजिनात भरपूर हवा जाते. जादा वाफ निघून जाते आणि इंजिन पकडते. पकडल्याबरोबर पाय उचलावा, उगीच रेस करू नये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही तापतील.

या उपायाने गाडी सुरू झाली तर ती पाचवी कसोटी झाली असे समजा. वाफ जादा झाली होती हेच त्यातून कळते.

मात्र धक्का स्टार्टच्या भानगडीत पडू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो महागडा भाग कायमचा खराब होऊ शकतो.

मिस्त्रीकडून काय तपासून घ्यावे?

बहुतेक गाड्यांत पर्ज व्हॉल्व्ह बॉनेटखाली, इंजिनाच्या हवा घेणाऱ्या नळीजवळ असतो. त्याला दोन बारीक नळ्या आणि विजेचा एक छोटा प्लग असतो. एक नळी इंजिनाकडे जाते, दुसरी डब्याकडे. इंजिन थंड असताना डब्याकडची नळी काढावी, विजेचा प्लग सोडवावा, मग इंजिन सुरू करून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट धरावे. वीज नाही, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असायला हवा आणि बोट ओढले जाता कामा नये. तरीही ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा राहतो हे पक्के. दुसरा मार्ग म्हणजे व्हॉल्व्ह सोडवून एका बाजूने हवा मारून पाहणे. वीज न देता हवा आरपार गेली तर तो बदलावा. तपासणी मोकळ्या जागी करावी आणि जवळपास विडी-काडी नको. प्लग सोडवल्याने समोरचा इंजिनाचा दिवा लागू शकतो, त्याने घाबरू नये.

इंजिनाचा दिवा आधीपासूनच लागत असेल तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. पी ०४९६ हा कोड वाफ गरजेपेक्षा जास्त ओढली जात असल्याचा आणि पी ०४४१ हा वाफेचा प्रवाह चुकल्याचा. कोड आला नाही म्हणून दोष नाही असे मात्र समजू नये.

व्हॉल्व्ह लहान आणि बहुतेक गाड्यांत बॅटरीपेक्षा स्वस्त असतो. पण नवा टाकण्यापूर्वी जुना उलटा करून टिचकी मारून पाहावा. त्यातून काळे दाणे पडले तर डब्यातला कोळसा फुटून पुढे आलेला असतो. अशा वेळी डबाही बदलावा लागतो. नाहीतर फिल्टर न धुता ड्रिपर साफ करण्यासारखे होईल. चार दिवसांत नवा व्हॉल्व्हही तुंबेल.

आणखी एक गोष्ट. पेट्रोल भरताना टाकी रिकामी असूनही नोझल सारखे "खट्‌" करून बंद पडत असेल, तर डब्याची हवा घेण्याची वाट तुंबलेली असू शकते. आपल्याकडची धूळ, चिखल, नाहीतर कुंभारीण माशीचे मातीचे घरटे, काहीही तिथे असू शकते. तेही पाहून घ्यावे.

दोष दुसराच असेल तर

दुसऱ्या कसोटीत, म्हणजे पेट्रोल न भरताही, गाडी अडली तर काय? तेव्हा एक करून पाहा. सेल्फ न मारता किल्ली नुसती "ऑन" करा, दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा. असे दोन-तीन वेळा केल्यावर गाडी लगेच सुरू झाली, तर पेट्रोल लाइनचा दाब बंद गाडीत टिकत नाही. टाकीतला पंप, त्याचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर तपासावा. याही उपायाला गाडी दाद देत नसेल आणि इंजिन निवल्यावरच सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर गरम झाल्यावर बंद पडतो का, ते पाहावे.

ज्यांच्याकडे अजून कार्बोरेटरची जुनी गाडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे, की अशा गाड्यांत उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोल नळीतच उकळते. म्हणूनच जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवायचे. सोलापूरकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उन्हात दहा मिनिटे थांबले की गाडी अडणारच. लोक मात्र पेट्रोलला शिव्या देत.

पेट्रोलच खराब असेल तर कसे ओळखावे?

"पंपवाल्याने पाणी घातलं" हे आपले आवडते निदान. कधी कधी ते खरेही असते, पण लक्षण वेगळे असते. नळीत आणि फिल्टरमध्ये आधीचे चांगले पेट्रोल शिल्लक असते. त्यामुळे पाणी असेल तर गाडी पुष्कळदा पंपावर सुरू होते, थोडे अंतर जाते आणि मग झटके देत बंद पडते. दहा मिनिटे थांबून ती बरी होत नाही. त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेल्या दुसऱ्या गाड्याही अडलेल्या असतात. याउलट वाफेचा दोष जागेवरच दिसतो आणि काही मिनिटांत जातो.

आपल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री देशात सुरू झाली. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी ते सामावून घेते, पण प्रमाणाबाहेर पाणी गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. गाडीतला पंप तळातूनच ओढतो. म्हणून टाकीचे झाकण आणि त्याचे रबर चांगले असावे. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. गॅसवर चालणाऱ्या गाडीतले पेट्रोलही पडून राहते. ते मधूनमधून वापरून बदलत राहावे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

संशय आलाच तर मिस्त्रीकडून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून घ्यावे आणि आगीपासून दूर तासभर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर पाणी आहे. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा, घनता तपासण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. फिल्टर पेपरवर टाकलेला पेट्रोलचा थेंब साधारण दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. पावती मात्र जपून ठेवावी. पावतीशिवाय तक्रार म्हणजे सात-बाराशिवाय कर्ज मागण्यासारखे.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द

डिझेलची वाफ पेट्रोलसारखी सहज होत नाही, म्हणून ट्रॅक्टरला हा डबा आणि व्हॉल्व्ह नसतो. डिझेल भरल्यावर ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर बहुधा टाकी पूर्ण संपवून भरलेली असते आणि लाइनमध्ये हवा धरलेली असते. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या जास्त दाबाच्या नळ्यांना मात्र घरी हात लावू नये. डिझेलची टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रिकाम्या जागेत पाण्याचे थेंब धरत नाहीत.

पेट्रोल गाडीत चुकून डिझेल किंवा डिझेल गाडीत पेट्रोल पडले आणि ते तिथेच लक्षात आले, तर किल्लीसुद्धा फिरवू नये. गाडी ढकलत बाजूला न्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी.

पंपावरची पथ्ये

नोझल "खट्‌" करून आपोआप थांबले की तिथेच थांबावे. "हजाराचा आकडा पूर्ण करा", "राउंड फिगर करा" ही आपली सवय गाडीला मारक आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीतून वाफेऐवजी पातळ पेट्रोलच कोळशाच्या डब्यात शिरते आणि डबा खराब होतो. दोषाची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. इंजिन बंद, विडी-सिगारेट बंद, झाकण घट्ट. आणि पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत नेऊ नये.

त्या गाडीचे पुढे काय झाले?

आमच्या डाळिंबवाल्या दादांना मी वही करायला लावली. पहिल्याच आठवड्यात चित्र स्पष्ट झाले. नुसते दहा मिनिटे थांबून गाडी पहिल्या सेल्फला सुरू. पाच लिटर भरून दुसऱ्या सेल्फला सुरू. टाकी भरत आणली तेव्हा चार सेल्फला नाही, आणि पेट्रोलचा वास. एक्सलेटर दाबून धरला तर सुरू. ही वही घेऊन ते तालुक्याच्या गावी एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने वही वाचली, बॉनेट उघडले, नळी काढून बोट लावले आणि म्हणाला, "दादा, हे आधी सांगितलं असतं तर बॅटरी कशाला बदलली असती?" व्हॉल्व्हमधून काळे दाणे निघाले. आकडा पूर्ण करायची सवय दादांनाही होतीच. व्हॉल्व्ह आणि डबा दोन्ही बदलले. त्यानंतर गाडी पंपावर अडली नाही.

परवा रस्त्यात भेटले. आई मागच्या सीटवर होत्या. मी विचारलं, "मावशी, आता गाडी कशी हाय?" त्या म्हणाल्या, "गाडीचं मला काय कळतंय बाबा. पण आता पंपावर ह्यो गाडी बंद करतो. आधी करत न्हवता, तवा माझा जीव वर-खाली व्हायचा."

दादा काही बोलले नाहीत. आपण चालू इंजिनावर पेट्रोल भरत होतो तेव्हा आई मागे बसून घाबरत होती, हे त्यांना त्या दिवशीच कळले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, गाडी पंपावर अडली तर आधी इंजिन बंद ठेवूनच पेट्रोल भरायचे हे पक्के करा. मग वही काढा. बिघाड कधी होतो ते लिहा, तुलना करून पाहा, आणि मगच खिशात हात घाला.